उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न

इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय सव्वीस, खासगी नोकरी. आजोबा जालन्याहून इंदूरला आले, तेव्हापासून घर इथलंच. दीड वर्षापूर्वी चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाची जबाबदारी तिच्यावर आली. दर रविवारी उपासना संपली की पाऊण तास बायबलमधल्या एका उताऱ्यावर गटचर्चा घ्यायची असते. तेरापासून बावीस वर्षांपर्यंतची सतरा-अठरा मुलं येतात. ती शनिवारी रात्री जागून प्रश्न काढते, पण रविवारी प्रश्न विचारला की सगळे खाली बघतात. वचनांच्या पाठांतरात दरवर्षी पहिली येणारी एक मुलगी उत्तर देते, बाकीचे ‘हो दीदी’ म्हणतात. हीच मुलं नंतर फाटकापाशी गाड्यांना टेकून अर्धा अर्धा तास बोलत उभी असतात.

सव्वा महिन्यापूर्वी ‘प्रार्थनेचं सामर्थ्य’ हा विषय चालू असताना सतरा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, ‘आम्ही एकवीस दिवस उपास-प्रार्थना केली, मग पप्पा का गेले?’ ती गोंधळली, ‘देवाची योजना आपल्याला कळत नाही’ असं म्हणाली आणि तिने पुढचा प्रश्न घेतला. त्यानंतरचे पाच रविवार तो आलेला नाही. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर वचन पाठवलं, त्याने ते पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. पाळकसाहेबांचं म्हणणं असं की शंकांना वाव देऊ नये, वचनातून सरळ उत्तर द्यावं. ती विचारते, ‘ताई, माझ्याकडे हे कृपादानच नाही असं वाटतं. जबाबदारी सोडू? की चर्चा बंद करून सरळ संदेश देऊ?’

प्रिय भगिनी,

सप्रेम जय ख्रिस्त.

मागच्या चार रविवारांचे प्रश्न तू वहीतून उतरवून पत्रासोबत पाठवलेस, हे फार बरं केलंस. पत्रापेक्षा त्या प्रश्नांनीच मला जास्त सांगितलं. ‘पेत्राने प्रभूला किती वेळा नाकारलं?’ ‘शोमरोन्याने उतारशाळेच्या रखवालदाराला किती दिनार दिले?’ ‘आपण क्षमा करायला हवी का?’ ‘या उताऱ्यातून आपण काय शिकतो?’ आणि प्रत्येक प्रश्नापुढे तू त्याचं उत्तरही लिहून ठेवलं आहेस.

तूच सांग, हे चर्चेचे प्रश्न आहेत की तोंडी परीक्षेचे? परीक्षेत ज्याला येतं तो हात वर करतो आणि बाकीचे मान खाली घालतात. तुझ्या खोलीत नेमकं हेच चाललंय. तू असं धरून चाललीस की मुलं गप्प आहेत म्हणजे त्यांचा विश्वास थंड आहे, नाहीतर तुझ्यात काही कमी आहे. मला दोन्ही पटत नाही. दीदीच्या वहीत उत्तर लिहिलेलं आहे, हे मुलांना पक्कं ठाऊक आहे. आपलं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही तर चारचौघांत ओशाळायला होणार, मग तोंड उघडायचं कशाला? फाटकापाशी कुणाच्या हातात वही नसते.

यरीहोच्या रस्त्यावरचा बार्तीमय आठव. आंधळा माणूस प्रभूकडे काय मागणार, हे जमलेल्या साऱ्या गर्दीला कळत होतं. तरी प्रभूने त्याला जवळ बोलावून विचारलं, ‘मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?’ त्याला त्याच्याच तोंडून सांगू दिलं. शास्त्री ‘माझा शेजारी कोण?’ असं विचारत आला, तेव्हा त्याला व्याख्या मिळाली नाही. त्याला वाटेत लुटलेल्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट मिळाली, आणि गोष्ट संपल्यावर प्रश्न त्याच्याच ओटीत परत आला. शुभवर्तमानं एकदा एवढ्याच नजरेने वाचून काढ, प्रश्न तेवढे पेन्सिलने खुणावत जा. प्रभू किती विचारतो, आणि विचारून झाल्यावर कसा थांबतो, ते दिसेल.

तुझा क्षमेचा प्रश्न घे. ‘आपण क्षमा करायला हवी का?’ चर्चच्या खोलीत बसून याला ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती आहे? मग ‘हो दीदी’ येणारच. आता तोच विषय आपल्या इंदूरच्या वाटेने बघ. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मरिया यांचा खून झाला. मूळच्या केरळच्या या सिस्टर उदयनगरच्या आदिवासींमध्ये राहून त्यांना सावकारीच्या फासातून सोडवायला झटत होत्या. २००२ साली त्यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि खून करणाऱ्या माणसाच्या मनगटाला राखी बांधून आली. पुढे ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मरियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा इंदुरातच झाला. त्या कॅथलिक होत्या, तुमची मंडळी प्रॉटेस्टंट. मुलांना त्याने काही अडणार नाही.

ही हकिकत सांग आणि विचार, ‘त्या बहिणीच्या जागी तू असतास तर राखी घेऊन गेला असतास का? मधल्या सात वर्षांत तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल?’ याचं उत्तर तुझ्या वहीत नाही, माझ्याकडेही नाही. एखादा म्हणेल, ‘दीदी, मी तर गेलोच नसतो.’ म्हणू दे. त्याला खोडू नकोस, ‘का नसतास गेला?’ एवढंच विचार. मग मत्तयाचा अठरावा अध्याय उघडा. पेत्राचं ‘भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय?’ त्या दिवशी मुलांच्या कानांना वेगळं लागेल, कारण पेत्र त्यांच्याच बाजूने बोलतोय.

शनिवारी प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारत जा, मुलं यावर काय म्हणतील हे ऐकायची मला खरंच उत्सुकता आहे का? नसेल तर तो प्रश्न खोडून टाक. पाऊण तासाला तीन प्रश्न पुष्कळ झाले. तू नऊ नऊ काढतेस, आणि नऊ संपवायच्या घाईतच त्या मुलाचा प्रश्न मागे राहिला.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हे त्याहून अवघड. मेरी बड रोव या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात ते मोजलं. सरासरी भरली जेमतेम एक सेकंद. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा थोडे जास्त थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. क्षमेसारख्या प्रश्नाला तर तीन सेकंदही अपुरे. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, ती संपेपर्यंत तोंड उघडू नकोस. पहिल्या दोन रविवारी जीव कासावीस होईल. ती शांतता भरून काढायला स्वतःच उत्तर देऊन बसलीस, तर पुढच्या वेळी मुलं तुझ्या उत्तराचीच वाट बघतील.

अठरा जणांत बोलायला धीर लागतो, दोघांत तितका लागत नाही. म्हणून प्रश्न आधी जोडी जोडीने बोलायला दे, तीन-चार मिनिटं, आणि मग मोठ्या गोलात या. प्रभू क्रूसावर गेल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर त्याचे दोघं शिष्यच चालत होते. पुन्हा उठलेला प्रभू ओळख न देता त्यांच्याबरोबर चालू लागला आणि त्याने विचारलं, ‘कोणत्या गोष्टी?’ जे काही घडलं ते सारं त्याच्यावरच घडलं होतं, तरी त्याने त्यांना पहिल्यापासून सांगू दिलं, ‘आम्ही आशा धरली होती’ हेही ऐकून घेतलं. शास्त्राचा उलगडा त्याने त्यानंतर केला. हा क्रम लक्षात ठेव. जोड्यांमुळे त्या पाठांतरवाल्या मुलीचा प्रश्नही सुटेल. तिला गप्प करू नकोस, तिने काही चूक केलेली नाही. उलट एकदा एकटीला गाठून विचार, ‘तुला सगळी वचनं येतात, त्यातलं न पटणारं किंवा न कळणारं कोणतं?’ तिला हे आजवर कुणी विचारलेलं नसणार.

आता भाषेचं. तू लिहितेस की मुलांना आळीपाळीने मराठी बायबलमधून एकेक वचन वाचायला लावतेस, म्हणजे मराठी टिकेल. तुझी कळकळ मला समजते. मीही इंदुरातच वाढले, घरात मराठी आणि गल्लीत ‘क्या भिया’. पण हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला ‘प्रायश्चित्त’ किंवा ‘दृष्टान्त’ चारचौघांत वाचताना घाम फुटतो. आपली पाळी कधी येणार हे मोजण्यात त्याचं सगळं लक्ष जातं, उतारा कानावरही पडत नाही. उतारा तू वाच, किंवा ज्याला आवडतं त्याला वाचू दे, छान ठसक्यात. नंतर दुसऱ्या कुणाला तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगू दे. ‘एक आदमी जा रहा था इंदौर से खंडवा, रस्त्यात त्याला धरलं आणि ठोकलं’ अशी सुरुवात झाली तरी तिथे मराठीचं काही बिघडत नाही. तू स्वतः मराठीत बोलत राहा, मुलं ऐकतील. मराठी लाजेने शिकवली तर मुलं मराठीही सोडतील आणि संघही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण करून बघ. तेरा आणि बावीस एका गोलात नकोत. मोठ्यांपैकी दोघांना हाताशी धर आणि सहा-सहाचे तीन गट कर. त्या दोघांबरोबर आठवड्यात एकदा अर्धा तास बस, तोच उतारा आधी तुम्ही तिघं बोलून घ्या. बाकांच्या रांगांत एकमेकांच्या पाठीशी बोलता येत नाही, म्हणून सतरंजी घाल आणि तूही खाली बस. आणि आधी खायला दे. सकाळपासून उपाशी असलेल्या मुलाला दुपारी साडेबाराला विश्वासाबद्दल काय सुचणार? प्लेटभर पोह्यांनी जे होतं ते तुझ्या नऊ प्रश्नांनी झालं नसतं. खर्चाचं मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला मोकळेपणाने सांग.

पाळकसाहेबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कळपाची काळजी त्यांच्या शिरावर आहे, आणि गटात कुणी काहीही बोलावं, वचन बाजूला राहावं, ही त्यांची भीती खोटी नाही. पण शंका वर आली नाही म्हणून ती मनात नसते असं कुठे आहे? आपल्याच घरातलं उदाहरण घे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्यांचा राग, त्यांची ताटातूट, सोवळ्या-ओवळ्यात अडकलेलं मन, सगळं होतं. जात ही देवाने केलेली नाही, हे त्यांना कुणी समजावून पटलं नाही, त्यांच्या मनाने स्वतः ती वाट चालून काढली. मराठी ख्रिस्ती घरांत आज आपण ज्यांचं नाव अभिमानाने घेतो, त्या बाईला पाच वर्षं लागली. तुझ्या मुलांना पाऊण तासात ‘हो’ म्हणायला का लावायचं?

पाळकसाहेबांकडे तक्रार म्हणून जाऊ नकोस. पुढच्या महिन्याचे प्रश्न त्यांना आधी दाखव, आणि एका रविवारी त्यांनाच गोलात बसायला बोलाव. संदेश द्यायला नको. ‘तुमचा विश्वास कधी डळमळला होता का, आणि तेव्हा तुम्हाला कुणी धरून ठेवलं?’ एवढ्या एकाच गोष्टीवर बोलायला सांग. बरेच पाळक असं विचारलं जाण्याची वर्षानुवर्षं वाट बघत असतात, असं मी पाहिलं आहे.

जबाबदारी सोडायची का, हे तूच ठरवशील. नोकरी, गायनवृंद, संडेस्कूल आणि तरुण संघ, एवढं सगळं तू ओढते आहेस. थकून त्यातलं काही सोडलंस तर तो गुन्हा नाही, आणि माझा कल असा की संडेस्कूल दुसऱ्याकडे द्यावं. पण ‘मला उत्तरं येत नाहीत’ या कारणासाठी तरुण संघ सोडू नकोस. चर्चा बंद करून सरळ संदेश देणं सोपं पडेल, मुलं शांत बसतील, वरून सगळं व्यवस्थित दिसेल. संदेश त्यांना उपासनेत मिळतोच. ज्याची त्यांना उणीव आहे ते म्हणजे त्यांचं ऐकून घेणारं मोठं माणूस. बायबलमध्ये याकोब लिहितो, माणसाने ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमं असावं. कृपादानाचं म्हणशील तर मी तुझ्याकडे हेच शोधेन. नाताळपर्यंत करून बघ, मग पुन्हा लिही.

मुलं खरं बोलू लागली की जड गोष्टीही वर येतील. ‘इथलं इथेच राहील’ हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून करा, पण त्याला एक अपवाद आहे, तोही त्याच दिवशी सांग. कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर दीदी गप्प राहणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू, घरची माणसं, यातली कोणतीही गोष्ट त्याच्या आड येऊ देऊ नकोस. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आणि १४४१६ हा मनाच्या आजारांसाठीचा ‘टेली मानस’चा क्रमांक खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव. एकट्या मुलाशी बोलायचं झालं तर दार उघडं ठेव. आणि पूर्ण गुप्ततेचं वचन कधीही देऊ नकोस, ते पाळता येत नाही.

तो मुलगा मी शेवटासाठी राखून ठेवला होता. तुझ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं माणूस तोच आहे.

दीड वर्षात तुझ्या गटात एकच खरा प्रश्न विचारला गेला, आणि तो त्याने विचारला. त्याने विश्वास सोडलेला नाही. लाजर मेला तेव्हा मार्था पुढे धावत आली आणि म्हणाली, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळाने तिची बहीण मरिया आली, तिनेही हेच वाक्य अगदी तसंच म्हटलं. बहिणी घरी तेच बोलत बसल्या असणार. तुझ्या गटातल्या त्या मुलाचा प्रश्न याहून वेगळा कुठे आहे? प्रभूने दोघींपैकी कुणालाही दटावलं नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडला. सारं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच त्यांच्या हातून नीट झालं. बोलायला लागले आणि चुकले.

मी पंचविशीत असताना दुसऱ्या एका गावी तरुण संघ चालवत होते. एका मुलीला न विचारता सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करायला लावली. ती उठली, दोन वाक्यं बोलली, गळा दाटून आला आणि खाली बसली. पुन्हा कधी आली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी तिच्या घरी गेले नाही, आणि पुढे तिच्या घरच्यांची बदली झाली. तीस वर्षं झाली, तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

छोट्या गटांची आपल्याकडची पद्धत आली कुठून, ठाऊक आहे? १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली यांच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. बाराबारा माणसांमागे एक पुढारी नेमला आणि त्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन एकेक पेनी गोळा करायची असं ठरलं. पुढारी दारात गेले तेव्हा त्यांना कळलं की कुठे भांडण आहे, कुठे दारू. त्यातून त्या माणसांची आठवड्याची बैठक सुरू झाली. म्हणजे आधी दार, मग गोल. तुमच्याकडे गोल आहे, त्या मुलाचं दार राहून गेलंय.

या शनिवारी जा. आधी त्याच्या आईला फोन कर. एकटी जाऊ नकोस, हाताशी धरलेल्या दोघांपैकी एकाला घेऊन जा. वचन पाठवू नकोस, आणि ‘संघात का येत नाहीस?’ हेही विचारू नकोस. एवढंच म्हण, ‘त्या दिवशी मी घाई केली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, अजूनही नाही. पप्पांबद्दल सांगशील?’ तो काही बोलणार नाही कदाचित. मोबाइलमध्ये डोकं घालून बसेल. बसू दे, तूही बस. त्याची आई चहा टाकेल, तो पिऊन ये. निघताना ‘पुढच्या शनिवारी येऊ का?’ असं विचार, आणि हो म्हणाला तर जा.

तुझी ताई